मोटारीच्या धुराड्याचा पहिला सांधा

आपल्याकडील कारागिरीचा इतिहास लिहिण्याची उमेद ज्यांनी बाळगली, त्यांनी पैठणच्या विणकरांविषयी, पुण्याच्या तांबट आळीतील तांबटांविषयी आणि गावगाड्यातील लोहार-सुतारांविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत शहरांच्या गल्लीबोळांतून, चाळींच्या आडोशाला आणि हमरस्त्यांच्या कडेला जो एक नवाच धंदा उदयास आला, आणि ज्याच्या आधारावाचून ना टपाल वेळेवर पोहोचते ना भाजीपाला, त्या मोटारदुरुस्तीच्या धंद्याकडे मात्र इतिहासकाराची नजर क्वचितच वळली. याचे कारण शोधण्यास फार लांब जावयास नको. या धंद्याला ना सनद होती ना दप्तर. उस्तादाने पोऱ्याला जे शिकविले ते तोंडी शिकविले, बहुधा शिव्यांच्या संगतीने शिकविले. हिशेब असलाच तर तो खडूने पत्र्यावर लिहिला गेला आणि सायंकाळी पुसला गेला. ज्या विद्येने कागदावर कधी पाऊलच ठेवले नाही, तिचा मागोवा यंत्राच्याच अंगावर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी संपूर्ण मोटार हाती घेण्यापेक्षा तिच्यातील एखादी अडचणीची जागा निवडणे मला अधिक सोयीचे वाटते.

मी निवडलेली जागा म्हणजे इंजिनाचा माथा आणि जळका वायू बाहेर वाहून नेणारी बिडाची बहुमुखी नळी यांच्यामधील सांधा. गॅरेजात माथ्याला हेड म्हणतात, त्या नळीला मॅनिफोल्ड, दोहोंच्या मध्ये बसविलेल्या पातळ थराला गॅसकेट किंवा नुसते पॅकिंग, आणि पुढच्या साऱ्या नळकांड्याला सरसकट सायलेन्सर. मोटारीत सांधे शेकडो असतात. पण सर्वांत अधिक दाह, सर्वांत अधिक धक्के आणि मिस्त्रीचा हात पोहोचण्यास सर्वांत कमी जागा ही तिन्ही संकटे ज्याच्या वाट्याला एकदम आली असा सांधा हाच. तो गळू लागला म्हणजे गाडी थांबत नाही, जळत नाही, केवळ बोलू लागते. आणि तिचे बोलणे समजणारा माणूस तोच खरा मिस्त्री, असा दंडक या धंद्यात फार पूर्वीपासून पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी अवतरल्या आणि त्यांच्या आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते, हे सर्वश्रुत आहे. या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे वैद्य आले नव्हते. घोड्याच्या नाला ठोकणारे होते, व्हिक्टोरियाच्या चाकांना धावा चढविणारे होते, आणि परळच्या रेल्वे कारखान्यांत व गिरणगावातील कापडगिरण्यांत वाफेच्या नळ्यांशी झुंजणारे फिटर होते. नव्या यंत्राच्या दुरुस्तीस लागणारे हातांचे वळण याच मंडळींपाशी होते. वाफेचा सांधा कसा घट्ट करावयाचा हे गिरणीच्या फिटरास पुरते ठाऊक होते: सुताला सफेता चोळून आट्यांवर गुंडाळावे, तोंडाला शेंदराचा लेप द्यावा आणि पाना आवळावा. परंतु गिरणीतील वाफ फार तर दोनशे अंशांच्या आसपास तापलेली असे. पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू चढावर सहाशे-सातशे अंशांच्याही पुढे जातो, आणि त्या उष्णतेपुढे सुताची राख होण्यास काही मिनिटेच पुरतात. गिरणीतून आलेल्या शहाणपणाची हद्द या सांध्यापाशी संपली, आणि येथूनच मोटार मिस्त्रीचे स्वतंत्र शास्त्र सुरू झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळी आवाजाविषयी लोकांची वृत्तीही निराळी होती. अमेरिकेत रीव्ह्‌ज बंधूंनी इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या पेटीचे पेटंट १८९७ मध्ये घेतले खरे. परंतु पुढील पाव शतक अनेक गाड्यांना ‘कटआउट’ नावाची एक झडप असे, आणि चालकाने पायाने कळ दाबताच जळका वायू त्या पेटीस वळसा घालून थेट बाहेर गर्जना करीत सुटे. चढावर यामुळे जोर वाढतो अशी समजूत होती. बैलगाड्या आपोआप बाजूला होतात, हा फायदा तर प्रत्यक्ष दिसतच होता. ज्या गाडीचा मालक हेतुपुरस्सर आवाज करीत असे, तिच्या सांध्यातील बारीक टिकटिकीकडे कोण लक्ष देणार? हिंदुस्थान सरकारच्या १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी आणि चालकाचा परवाना यांची घडी बसविली, आणि १९३९ च्या कायद्याने धूर, ठिणग्या, राख व आवाज यांच्या बंदोबस्तासाठी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. सरकारी हुकूम आवाजाच्या विरुद्ध गेला तेव्हा कोठे गळका सांधा हा दोष ठरू लागला.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीने मात्र या दोषाची ओळख साऱ्या जगास त्याआधीच करून दिली होती. तिच्या मॅनिफोल्डची तोंडे तांबे आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या कड्यांवर टेकत आणि पकडीच्या नटांनी दाबून धरली जात. पण वर्षानुवर्षांच्या दाहाने ते ओतीव बीड झुकत असे, आणि एकदा ते झुकले म्हणजे कितीही नवी कडी घाला, कोपऱ्याचे एखादे तोंड उघडे राहावयाचेच. तांब्याचे कडे एकदा दबले की कठीण होते. ते पुन्हा वापरावयाचे तर लाल होईपर्यंत तापवून थंड करावे लागते, म्हणजे ते मऊ पडते. ही क्रिया मोटारीबरोबर परदेशातून आली असे ज्यांना वाटते, त्यांनी कोणत्याही तांबटाला हंडा घडविताना पाहावे. ठोकून ठोकून ताठर झालेल्या पत्र्याला तो वरचेवर भट्टीत नेऊन मऊ करतो, आणि हे त्याचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पोथ्यांतील धातुविद्येपेक्षा ही विद्या अधिक जिवंत होती असे माझे मत आहे.

सांधा गळतो तो का, हे समजून घेतल्याखेरीज मिस्त्रीच्या युक्त्यांचे मर्म कळावयाचे नाही. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड घ्या. तो पाचशे अंशांनी तापला तर त्याची लांबी सुमारे पावणेतीन मिलिमीटरनी वाढते. ज्या माथ्यावर तो आवळलेला असतो त्याच्या अंगातून मात्र थंड पाणी खेळत असते. तो ऐंशी-नव्वद अंशांपलीकडे फारसा जात नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी त्याचे प्रसरण एक मिलिमीटरच्या आतबाहेरच राहते. म्हणजे एकाच बंधनात बांधलेल्या दोन धातूंपैकी एक दर प्रवासात लांबतो, दुसरा जवळजवळ जागच्या जागी राहतो, आणि मधल्या सुमारे दोन मिलिमीटरच्या तंट्याचा निवाडा बिचाऱ्या पॅकिंगने व माथ्यात रोवलेल्या आटेदार दांड्यांनी, म्हणजे स्टडांनी, करावयाचा. टोकाच्या स्टडांवर सर्वाधिक ओढ येत असल्यामुळे तुटतात ते बहुधा तेच. रात्री गाडी निवते, मॅनिफोल्ड आखडतो, सकाळी पुन्हा तापतो. अशा हजारो येरझारांनंतर गॅसकेटच्या कडेने एक केसाएवढी वाट पडते, आणि त्या वाटेने निसटणारा प्रखर वायू ती वाट स्वतःच रुंद करीत जातो. दोष कारागिराचा असो वा नसो, हा सांधा कायमचा बंद करता येत नाही. त्याची मुदत तेवढी वाढविता येते.

आता निदानाकडे वळू. कारण या धंद्याची खरी प्रतिष्ठा दुरुस्तीपेक्षा निदानात होती. गळणारा सांधा टिकटिक करतो, आणि झडपांचे टॅपेट ढिले झाले म्हणजे तेही टिकटिक करतात. नवशिक्याला वाटते की मोजून पाहिले तर फरक कळेल. पण चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडराची बाहेरची झडप दोन फेऱ्यांत एकदाच उघडते आणि तिचा टॅपेटही तेवढ्याच वेळा आपटतो. मिनिटाला सातशे फेऱ्यांवर इंजिन मंद चालू ठेवले तर दोन्ही आवाज मिनिटाला साडेतीनशे वेळाच येणार; संख्येने त्यांचा भेद होत नाही. भेद होतो तो जातीने. टॅपेटचा आवाज कोरडा, लोखंडी असतो आणि गाडीवर भार आला तरी फारसा बदलत नाही. सांध्याचा आवाज फुसकारणारा असतो, चढावर वाढतो, उतारावर पाय काढताच मंदावतो, आणि पुष्कळदा इंजिन तापल्यावर नाहीसा होतो, कारण फुगलेले बीड ती फट आपल्याच अंगाने बुजविते. म्हणून जाणता मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगे, “साहेब, गाडी रात्रभर ठेवून जा, सकाळी थंडी असताना ऐकू.” ही मुक्कामाचे पैसे लावण्याची सबब असावी असा संशय गिऱ्हाइकास येई, आणि तो नेहमीच निराधार असे असेही नाही, परंतु मूळ सल्ला शास्त्रशुद्ध होता.

सकाळची ती तपासणी पाहण्यासारखी असे. बॉनेट उघडून इंजिन सुरू केले जाई. लाकडी मुठीचा लांब पेचकस घेऊन मिस्त्री त्याचे पाते पहिल्या प्लगच्या माथ्याला आणि इंजिनाच्या अंगाला एकाच वेळी टेकवी. ठिणगी प्लगमध्ये न जाता पेचकसावरून परस्पर जमिनीचा रस्ता धरी, तो सिलिंडर मुका होई आणि इंजिन किंचित लंगडू लागे. टिकटिक तशीच चालू राहिली तर पेचकस दुसऱ्या प्लगवर, मग तिसऱ्यावर. ज्या प्लगपाशी लंगडण्याबरोबर टिकटिकही विरे, त्या सिलिंडराचे तोंड गळत आहे हे ठरले. कारण स्फोटच झाला नाही तर बाहेर निसटावयास जोरकस वायू कोठून येणार? टॅपेट मात्र स्फोट होवो न होवो आपटतच राहतो. इतक्या साध्या, इतक्या निर्णायक आणि इतक्या बिनखर्ची कसोट्या प्रयोगशाळांतूनही थोड्याच सापडतील.

याच्याही आधी एक स्थूल परीक्षा होई. पोऱ्या मागे जाऊन ओल्या फडक्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून धरी. सारा मार्ग धडधाकट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडू पाहते. कोठे फट असेल तर तुंबलेला वायू तिच्यातून सूं करीत बाहेर पडतो आणि मिस्त्रीच्या कानास दिशा सापडते. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्यावरून हळूहळू फिरवीत तो नेमकी जागा काढी. इंजिन बंद केल्यावर डोळ्यांची पाळी येई: फटीच्या तोंडाशी माथ्यावर काजळीची शेपटी उमटलेली असे, आणि शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळात तिला राखाडी-पांढरट कड असे. आत ओढणारी आणि बाहेर सोडणारी अशी दोन्ही तोंडे एकाच अंगाला असलेल्या इंजिनांत आणखी एक घोटाळा संभवे, कारण आतल्या वाटेचा सांधा गळला तर तो हवा ओढतो, बाहेरच्या वाटेचा गळला तर फुंकतो; तेथे काहीजण पेटती उदबत्ती जवळ धरीत आणि धूर आत जातो की दूर उडतो ते पाहात. पेट्रोलच्या सान्निध्यात उदबत्ती! ज्यांनी हे केले आणि जे वाचले त्यांच्या नशिबाची आपण वाखाणणी करावी, पद्धतीची नव्हे.

टिकटिकीचा उपद्रव कानांपुरताच नव्हता. जळक्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. स्फोटानंतर कोळशाच्या खाणींतील माणसे बहुतांशी याच वायूने मरतात हे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले होते. पण खाणींतील ही विद्या रस्त्यावर येण्यास बराच काळ लागला. मागच्या नळीतून निघालेला वायू गाडीच्या मागे राहतो; इंजिनाजवळ निसटलेला मात्र बॉनेटखालून, पत्र्याच्या भोकांतून आणि पायाशेजारच्या दांड्यांच्या फटींतून थेट बसणाऱ्यांच्या नाकापर्यंत येतो. घाट चढताना चालकाचे डोके जड होते, मळमळते, याचे खापर पित्तावर, उन्हावर किंवा रिकाम्या पोटावर फोडले जाई. अशा किती डोकेदुख्यांचा उगम पॅकिंगमध्ये होता, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दैवाची लीला अशी की दुसऱ्या महायुद्धात हाच वायू इंधन म्हणून डोक्यावर घ्यावा लागला. पेट्रोलचे रेशनिंग आले, आणि सर्व्हिस मोटारींच्या मागे लोणारी कोळशाच्या उंच टाक्या उभ्या राहिल्या. अर्धवट हवेत जळणाऱ्या कोळशातून निघणारा, सुमारे पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू गाळून आणि थंड करून इंजिनाला पाजीत. ताकद बरीच घटे. चढ आला की उतारू खाली उतरून पायी चालत. परंतु या संकटाने मिस्त्रींना सांध्याविषयी एक नवी शिस्त लावली. इंजिन चालू असताना ते वायू आत ओढीत असल्याने नळीतील फट हवा घेते आणि गाडी नुसती मरगळते. भट्टी पेटविताना किंवा गाडी उभी केल्यावर मात्र तीच फट विष बाहेर सोडते. ज्यांनी ती वर्षे काढली त्यांना प्रत्येक जोडाचे तोंड कानशीने घासून सपाट करण्याची आणि नट अंदाजाने न आवळता क्रमाने आवळण्याची सवय लागली असल्यास नवल नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ हा या कारागिरीचा भरभराटीचा काळ, आणि त्याचे श्रेय समृद्धीला नसून टंचाईला आहे. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता आणि फोर्डचाही मुंबईत कारभार होता. पण १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, येथे सुटे भाग घडविण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही आणि दोघांनीही गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना आणि उत्तरपाड्याचा हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना यांच्या फियाट व अ‍ॅम्बॅसडर या दोन गाड्यांवर तीन दशके साऱ्या देशाचा संसार चालला. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. म्हणून जुनी मरू द्यावयाची नाही असा सर्वांचा बाणा. आयात परवान्यांच्या त्या अमदानीत शेव्हरोले, डॉज, विलीज जीप अशा पोरक्या झालेल्या गाड्यांचे गॅसकेट पैसे देऊनही मिळेना. मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या आसपासची, पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, चोरबाजार आणि बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार पालथा घालून जे सापडे ते सापडे. न सापडे ते मिस्त्री स्वतः बनवी.

ते कसे बनवीत, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे. मॅनिफोल्डचे तोंड पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावयाचा आणि त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा तक्ता दाबावयाचा, म्हणजे तोंडाचा ठसा तक्त्यावर उतरतो. कात्रीचे काम बाहेरच्या कडेपुरतेच. आतली भोके कात्रीने कापली तर कड फाटते. म्हणून तक्ता मॅनिफोल्डवरच ठेवून, भोकाच्या काठावर गोल डोक्याच्या लहान हातोडीने हलके हलके ठोकीत गोल फिरावयाचे, की धातूची धार खालून कापते आणि मधली चकती आपोआप सुटून पडते. स्टडांच्या भोकांसाठी तर याहून सुरेख युक्ती होती: जुन्या बेअरिंगमधील बेताचा छर्रा भोकावर ठेवून त्यावर हातोडीचा एकच नेमका घाव घातला की भोक असे पडे, जणू कंपाशीने आखून कापले आहे. तयार गॅसकेट कोरडेच बसवावयाचे की ग्रॅफाइट चोळून, यावर उस्तादांत मठ होते, आणि एका मठाच्या शिष्याने दुसऱ्या मठाची रीत पाळली तर त्याची गय होत नसे. नट मात्र सर्वांच्याच मते मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळीत जावयाचे आणि इंजिन एकदा तापून निवाले की पुन्हा एकदा फिरवून पाहावयाचे. घाईत दिलेल्या गाडीची ही दुसरी आवळणी राहून जाई, आणि महिन्याभरात टिकटिक घेऊन ती परत येई.

तुटलेला स्टड हे या कामातील खरे अरिष्ट. जुन्या इंग्लिश घडणीच्या इंजिनांवर पितळी नट असत, कारण पितळ लोखंडावर गंजून बसत नाही. पण मधल्या काळात कोणीतरी ते हरवून लोखंडी नट चढविलेले असत, आणि दहा वर्षांच्या भाजणीनंतर ते नट व स्टड एकजीव झालेले. रात्रभर रॉकेल सोडून ठेवावे, सकाळी गॅसच्या ज्योतीने नट लाल करावा, हलके ठोकावे, थोडे सैल करावे, पुन्हा आवळावे, पुन्हा सैल करावे. जोर लावणाऱ्याच्या हाती अर्धा स्टड येतो आणि अर्धा माथ्यात राहतो. राहिलाच तर त्या ठोंब्यावर नवा नट ठेवून तो आतून वेल्ड करीत. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे सुटतात आणि पकडीला नटही मिळतो. मॅनिफोल्डलाच चीर गेली असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून तिची वाटचाल आधी थांबवावयाची, मग अख्खा नग कोळशावर तापवून वेल्ड करावयाचा आणि लगेच राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावयाचा, कारण तापलेल्या बिडाला वारा लागला की ते नव्या जागी तडकते. बीड ओतण्याची परंपरा किर्लोस्करवाडी आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगली रुजली असल्याने दक्षिण महाराष्ट्राच्या मिस्त्रीला नवा नग ओतून घेण्याचाही मार्ग उघडा होता.

अ‍ॅम्बॅसडरच्या इंजिनाने या विद्येची कसोटी पाहिली. तिच्या माथ्याला सिलिंडर चार असले तरी जळका वायू सोडणारी तोंडे तीनच होती. मधल्या दोन सिलिंडरांचा वायू एकाच तोंडातून निघे, आणि दोघांचा दाह एकट्याने सोसणाऱ्या त्या मधल्या जागेकडे मिस्त्रीची पहिली नजर जाई.

या काटकसरीचे गोडवे गाणारे लेख अलीकडे पुष्कळ येतात. त्यांत एक गोष्ट हटकून गाळलेली असते. जुने गॅसकेट खरवडून काढताना उडणारी, फुंकर मारून साफ केली जाणारी ती करडी धूळ अ‍ॅस्बेस्टॉसची होती, आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन बसले की वीस-तीस वर्षांनी आपला कर वसूल करतात. केंद्र सरकारने १९८६ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबविले; सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे जपण्याचा हुकूम दिला. हुकूम उत्तम होता. पण ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, जो वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी गावाहून आला आणि ज्याचा पगार म्हणजे दोन वेळचे जेवण व दिवाळीचे कपडे, त्या पोऱ्याची नोंद कोठे व्हावयाची? धंद्याला दप्तर नव्हते म्हणून त्याचा इतिहास हरवला, ही हानी सोसण्याजोगी आहे. त्याच कारणाने त्यातील आजार हरवले, ही नव्हे.

न्यायालयाच्या निकालाचे हे १९९५ साल दुसऱ्याही कारणाने या सांध्याच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० मध्ये देशभरातील पेट्रोलमधून शिसे गेले. मागोमाग इंजिनात संगणक आला आणि मॅनिफोल्डच्या पुढे वायूतील प्राणवायू मोजणारा सेन्सर बसला. यापूर्वी गळतीमुळे आवाज येई किंवा डोके जड होई. आता ती गाडीच्या बुद्धीलाच चकवू लागली. कारण जळका वायू एकसारखा वाहात नाही, तो उसळ्या मारीत जातो, आणि दोन उसळ्यांच्या मध्ये नळीतील दाब बाहेरच्या हवेच्याही खाली उतरतो. त्या क्षणी फट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला ती हवा दिसते, संगणकाला वाटते की पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो ते वाढवीत जातो. गाडी पेट्रोल पिऊ लागते, काळा धूर सोडते, पीयूसीच्या तपासणीत नापास होते, आणि मालक सेन्सर बदलून पाहतो, इंजेक्टर बदलून पाहतो, हजारोंचा खर्च करून दमतो. मूळ रोग मात्र पूर्वीच्याच जागी, त्याच केसाएवढ्या फटीत बसलेला असतो.

पेचकसाची जुनी कसोटी आता चालत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत तसे केले तर कॉइल आणि कदाचित संगणकही जळावयाचा. तिच्या जागी स्कॅनरच्या पडद्यावर संगणकाने पेट्रोलात केलेल्या वाढ-घटीचे आकडे वाचतात, किंवा यंत्राने नळीत दाट धूर भरून तो कोठून डोकावतो ते पाहतात. ज्या गॅरेजास ते यंत्र परवडत नाही तेथे व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरला फडक्याने बांधतात आणि साबणाचे पाणी सांध्यावर शिंपडून बुडबुडे शोधतात. ओल्या बोळ्याची परंपरा येथे थोड्या फेरफाराने चालू आहे. गॅसकेट आता पोलादी पत्र्यांच्या थरांचे किंवा ग्रॅफाइटचे असते आणि तयारच मिळते. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी (फियाटचेच पुढचे नाव) ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने निवृत्त झाली, तेव्हा छऱ्याने भोक पाडण्याची कला वापरण्यास शहरात गाड्याच फारशा उरल्या नाहीत.

एप्रिल २०२० पासूनच्या धुराविषयीच्या कडक नियमांनी कन्व्हर्टर इंजिनाच्या अधिकच जवळ आणला आहे, आणि पुष्कळ गाड्यांत तो व मॅनिफोल्ड मिळून एकच नग असतो. त्याला चीर गेली तर आतील मौल्यवान धातूंसकट अख्खा नग बदलावा लागतो. चाकणच्या कारखान्यात स्कोडा व फोक्सवॅगन गाड्यांसाठी बनणाऱ्या एक लिटरच्या टर्बो इंजिनात तर मॅनिफोल्ड माथ्याबरोबर एकाच ओतकामात घडविलेला आहे आणि त्याच्याही सभोवती पाणी खेळते. दोन धातूंचा तो जुना तंटा तेथे उरला नाही, कारण धातू एकच आणि तापमानही जवळजवळ एकच. मात्र माथ्याला लागून टर्बो बसतो, त्याच्या तोंडाला गॅसकेट आहे, ते आवळण्यास स्टड आणि नट आहेत, आणि तेथपर्यंत पाना पोहोचविण्यास जागा पूर्वीपेक्षाही कमी आहे.